पिराजीच्या नावाचा नाडा

परभणीकडे जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, तिथे पाहण्यासारखं काय आहे? जायच्या आधी मीही कुसुमला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, "काही नाही. काळी जमीन आहे." तेवढ्या माहितीवर मी तयारी केली. दोघींची तिकिटं, पाण्याच्या बाटल्या, ओआरएसच्या पुड्या, टॉर्च, उशीचे अभ्रे, कुसुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेगळ्या डबीत. पुण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात मी अधीक्षक आहे. प्रवेश, परीक्षा, तपासणी समित्या, सगळं याद्यांवर चालतं. माझं घरही तसंच चालतं. कुसुम त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. आम्ही एकाच सोसायटीत राहतो आणि कित्येक वर्षं एकाच बसने कामाला जातो.

ही सहल नव्हती. कुसुमचा एकुलता एक मुलगा अमोल मार्चमध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेला. सत्तावीस वर्षांचा होता. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात कुसुमची आई राहते. तिला सगळे बाय म्हणतात. तिला ही गोष्ट अजून कुणी सांगितली नव्हती. तेव्हा ती स्वतःच हृदयाच्या दुखण्यातून नुकती उठली होती, म्हणून आधी बरी होऊ दे असं ठरलं. मग नात राणीचं लग्न होऊ दे असं ठरलं. मग रोज एकेक दिवस पुढे गेला.

आता मात्र मुदत आली होती. अमोल तान्हा असताना न्यूमोनियाने हाती लागेल असं वाटत नव्हतं, तेव्हा बायने गावच्या मोहरमच्या सवारीला, म्हणजे पिराच्या पितळी पंजांना, नवस बोलला होता. पोर जगलं तर दर वर्षी सवारीचा नाडा त्याच्या गळ्यात बांधीन आणि त्याला पिराजी म्हणीन. नाडा म्हणजे लाल-हिरव्या सुताचा साधा गोफ. पोर जगलं. तेव्हापासून दर मोहरमला एक नाडा. अमोल येऊ शकला नाही तर बाय त्याच्या नावाने तो घेऊन ठेवायची आणि कुसुम पुण्याला आणायची. हा नाडा देणारे मारुतीमामा गावचेच शेतकरी, बायला काकू म्हणणारे. त्यांनी कुसुमला फोन करून सांगितलं होतं, "मेलेल्याच्या नावानं नाडा देता येत न्हाई. आन सवारी बसल्यावर मी खोटं बोलत न्हाई. दहाव्या दिवशी काकू माझ्यापुढं हात पसरायच्या आत तू येऊन सांग."

कुसुमचे यजमान आले नाहीत. त्यांनी घरात अमोलचं नाव घेणं बंद केलं आहे. म्हणून मी गेले.

परभणी

गाडी सकाळी पोचली. स्टेशनबाहेरच्या हॉटेलच्या फळ्यावर 'सुशीला' असं लिहिलेलं होतं. मालकीणबाईंचं नाव असेल असं समजून मी पोहे मागितले. कुसुम म्हणाली, "सुशीला खा. इथे आलीस तर तेच खा." चुरमुरे भिजवून कांदा-मिरचीची फोडणी देतात, वर डाळव्याचं कूट आणि लिंबू. पोह्यांपेक्षा हलकं आणि चवीला तिखट. पुण्यात हे का मिळत नाही, कळत नाही. कुसुमने मात्र दोनच घास खाल्ले आणि बशी माझ्याकडे सरकवली.

जिंतूरच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत आपल्यासारखीच आहे, पण तिची शिस्त अधिक कडक आहे. मी रिकामी दिसली त्या जागेवर बसले. मागून एक बाई म्हणाल्या, "मॅडम, माज्या रुमालावर बसलाव तुमी." मी उठून रुमाल दिला. त्यांनी तो झटकून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "आता बसा. रुमाल दाबून बसलाव म्हणून बोलले. जागेचं काय." मग त्यांनी सरकून तिघींना पुरेल एवढी जागा केली आणि कुसुमला विचारलं, "माहेरी चाललीस का बाई?" कुसुम हो म्हणाली. "मग त्वांड असं का? माहेरी कुनी असं जातंय?" कुसुम बाहेर बघत राहिली.

बाहेर खरोखरच काळी जमीन होती. इतकी काळी आणि इतकी सपाट माती मी पाहिली नव्हती. एक पाऊस होऊन पेरणी झाली होती आणि नंतर आभाळाने हात आखडता घेतला होता. सोयाबीनची दोन पानं वर आलेली. बसमधले पुरुष एकमेकांशी बोलताना मधूनच वाकून खिडकीतून वर बघत.

बोरी

बोरीला उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बाजारात जाऊन प्लास्टिकच्या चपला घेईपर्यंत कुसुमचा भाऊ ज्ञानोबा रिक्षा घेऊन आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हात जोडून नमस्कार. रिक्षात बसल्याबसल्या त्याने विषय काढला.

"ताई, सांगायचं न्हाई. डाक्टरनं मला सोता सांगितलंय, धक्का नको म्हणून."

"ते मार्चमध्ये सांगितलं होतं," कुसुम म्हणाली.

"काळीज तेच हाय न्हवं?"

"आणि मारुतीमामा?"

"त्याला मी बघतो. एक सुताचा तुकडा तर द्यायचाय. दहा दिवसाचा फकीर झाला की लय ताठतंय ते."

अमोलचा फोन का येत नाही म्हणून बायने विचारलं, तेव्हा ज्ञानोबानेच तिला सांगितलं होतं की तो कामासाठी दुबईला गेला आहे आणि तिथून फोन लागत नाही. आता गावातलं लहानथोर प्रत्येक जण बायपुढे दुबई म्हणतं. शेजारच्या बाईने तर तिथल्या उन्हाची चौकशीही केली होती.

गाव

गावाचं नाव लिहू नको, असं कुसुमने सांगितलं आहे. बोरीपासून आत, ओढ्याच्या काठाने रस्ता जातो. घर सिमेंटचं, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. बाय पडवीत लसूण सोलत बसली होती. अंगाने चिपाड, पण हात भराभर चालत होते. कुसुमने वाकून पायाला हात लावला तशी ती म्हणाली, "वाळलीस. पुण्यात भाकर मिळंना झाली का?"

"तिकडे चपात्या खातात, बाय."

"म्हणून तर."

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. ते उकळत्या पाण्यात टाकलं की झाली आमटी. पाहुणा अवेळी आला तरी घर अडत नाही, अशी ही सोय आहे. मी कृती विचारून घेतली. कुसुम धुणी घेऊन मागे गेली, ज्ञानोबा शेताकडे गेला आणि पडवीत आम्ही दोघीच उरलो.

बायने लसणाचं सूप बाजूला ठेवलं. "तुमी त्यांच्याच बिल्डिंगीत ऱ्हाता न्हवं?"

"हो."

"मंग तुमी सांगा. हे घरचे सगळे लय गोड बोलायलेत माज्याशी. सून तर दोनदा चहा इचारायलीय. तुमी परक्या, तुमाला काय पडलंय खोटं बोलायचं. पिराजी बरा हाय का?"

मी बौद्ध घरातली. आजोबांनी धर्म बदलला त्या वर्षी घरातले देव पोत्यात घालून नदीला दिले. नवस, गंडे, दोरे आमच्याकडे तेव्हापासून नाहीत. पण दर पौर्णिमेला पंचशील घेतो आणि त्यात खोटं न बोलण्याचं शील आहे. लहानपणापासून ते मी म्हणत आले आहे. बायच्या डोळ्यांत मोतीबिंदूची निळसर साय होती आणि ती साय माझ्यावर रोखलेली होती.

"बरा आहे," मी म्हणाले.

"तुमी बघितला?"

"हो. बघितला."

बायने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मंग ठीक," ती म्हणाली, आणि तिचे खांदे सैल झाले. ते मी पाहिलं.

सवारीच्या दारात

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मारुतीमामांना भेटायला गेलो. गावात आज मुसलमानांचं एकही घर नाही. शेवटचं घर परभणीला गेलं, तेव्हा जाताना त्या घरातल्या म्हाताऱ्याने सवारी मारुतीमामांच्या वडिलांच्या हवाली केली. तेव्हापासून हे घर दर मोहरमला ती बसवतं. जुन्या आसूरखान्याच्या, म्हणजे सवारीच्या ठाण्याच्या, एका खोलीत उंच काठ्यांवर पितळेचे पंजे उभे केलेले, त्यांना रेशमी वस्त्रं, मोगऱ्याचे गजरे, पुढे लोबानचा धूर. दारासमोर अलाव्याचा, म्हणजे विस्तवाचा, खड्डा. बायका ओल्या केसांनी येऊन ऊद वाहत होत्या आणि कपाळाला राख लावून जात होत्या. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्रं होती, एकीच्या हातात तुळशीची माळ होती. हे सगळं करबलाच्या मैदानात मारल्या गेलेल्या माणसांच्या शोकाचं आहे, एवढं त्यांना माहीत होतं. त्यापलीकडे कुणी विचारत नव्हतं.

मारुतीमामा साठीचे, अनवाणी, गळ्यात हिरवा गोफ. सवारी असेपर्यंत ते पलंगावर निजत नाहीत, वहाण घालत नाहीत, मटण खात नाहीत. खोटंही बोलत नाहीत.

दारात बसलेला एक जण म्हणाला, "मामा, दहा दिस खरं बोलता. मंग बाकीचे दिस कापूस पाणी मारून इकता ते?"

"ते दिस येगळे," मामा म्हणाले. "तेव्हा माझं मला बघावं लागतंय."

सगळे हसले. मामाही हसले. ज्ञानोबा हसला नाही. तो पुढे सरकून हळू आवाजात म्हणाला, "मामा, म्हातारी हाय. किती दिस ऱ्हाणार? द्या की एक नाडा."

"तू सांगतोस ते मला कळतंय, ज्ञानू. मला काय काकूचं वैर हाय का? पण नाडा बांधताना मी म्हणतो, ह्या जिवाला संबाळ. जीव न्हाई तर कुणाला संबाळ म्हणू?"

"मनातल्या मनात म्हणू नका."

"मंग मी हितं कशाला बसलो? घरी जाऊन निजतो पलंगावर." ते कुसुमकडे वळले. "ज्यानं सवारी दिली, त्यानं बाबाला एकच सांगितलं. आमच्यावाणी नमाज न्हाई आली तरी चालंल, पण हिच्यापुढं इमान राखा. बाबानं राखलं. मला न्हाई मोडायचं. तू सांग, बाई. आजचा दिस हाय."

कुसुमने मान डोलावली.

परत येताना ओढ्याच्या काठावर आम्ही थोडा वेळ बसलो. माझ्या वडिलांनी श्रद्धा हा शब्द कधी एकटा उच्चारला नाही. त्याच्या मागोमाग अंधश्रद्धा यायचीच, एकीचं टोक कुठे संपतं आणि दुसरीचं कुठे सुरू होतं हे ते आम्हाला समजावून सांगत. ऑफिसात मी रोज पत्रांच्या शेवटी 'आपली विश्वासू' लिहून सही करते. इतकी वर्षं करते आहे की त्या शब्दाकडे बघतही नाही. बाय पिराच्या बाबतीत 'माझा भाव हाय' म्हणते. मामा इमान म्हणतात. आणि काल पडवीत बायने माझ्यावर जो टाकला त्याला ती भरवसा म्हणाली असती. हे सगळे शब्द मला येत होते. त्यांतला एकही काल मला उपयोगी पडला नव्हता.

"तू सांगशील का?" कुसुमने विचारलं.

"मी?"

"तुला असली कामं जमतात."

मी तिला सांगितलं, तयारी मी करते. आणि केली. बोरीच्या डॉक्टरांशी बोलले, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आणवल्या, एका मुलाची जीप दहाव्या दिवशी दारात उभी राहील असं ठरवलं, बायला कुठे बसवायचं, जवळ कोण असेल, हे ज्ञानोबाच्या बायकोला समजावलं. सगळं झालं. वाक्य मात्र कुणाकडेच नव्हतं. कुसुम दुपारी आईच्या डोक्याला तेल लावायला बसली आणि तेल लावून उठली. संध्याकाळी चुलीपुढे बसली. बाय तिला म्हणाली, "ह्या वर्षी नाड्याला गाठी जास्ती मारून देते. परमुलखात हाय पोरगं." कुसुम उठून पाणी आणायला गेली. घरात नळ होता, तरी ती हापशावर गेली.

दहावा दिवस

दुपारपासून हलग्या वाजत होत्या. बायने धुवट लुगडं नेसलं आणि गुळाचा मलिदा केळीच्या पानात बांधून घेतला. मी तिला म्हटलं, ऊन आहे, थोडं थांबू. ती म्हणाली, "सवारी उठायच्या आत नाडा घ्यावा लागतंय." ती पुढे, आम्ही मागे. वाटेत भेटणाऱ्या बायका तिच्याकडे न बघता आमच्याकडे बघत होत्या. जीप आमच्या मागून हळूहळू येत होती आणि मला तिची लाज वाटायला लागली.

नाड्यासाठी रांग होती. लोक कडेवरची पोरं पुढे करत, मामा गळ्यात गोफ बांधत आणि पुटपुटत. शेजारी बोरीहून आलेले एक म्हातारे चाचा बसले होते. गेलेल्यांच्या नावाने कुणी गूळ आणला की ते फातिहा पढत. एका बाजूला नाडे, दुसऱ्या बाजूला गूळ. बाय नाड्याच्या बाजूला उभी राहिली.

तिची पाळी आली. तिने मलिदा ठेवला आणि ओंजळ पुढे केली.

"पिराजीच्या नावाचा दे, मारुती. परमुलखात हाय, नीट बांध."

मामांचा हात सुताच्या लडीवर होता. तो तिथेच राहिला. हलग्या वाजवणाऱ्यांना काय झालं ते कळलं असावं, त्या एकेक करून थांबल्या.

"मामा, द्या की," ज्ञानोबा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

"काकू," मामा म्हणाले, "कुसुमला इचारा."

बाय वळली. कुसुम माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट धरलं होतं, ते सोडलं. कुसुमने आपल्या मुलाला आयुष्यात कधी पिराजी म्हटलं नव्हतं. पुण्याच्या शाळेत मुलं चिडवतील म्हणून तिला ते नाव चालायचं नाही.

"बाय," ती म्हणाली, "पिराजी न्हाई राहिला."

बाय तिच्याकडे बघत होती. ओंजळ तशीच होती.

"कवा?"

"शिमगा झाल्यावर. गाडीवरून पडला."

मी गोळ्यांच्या डबीवर हात ठेवून उभी होते. बाय पडली नाही. तिचे ओठ हलत होते आणि आधी मला वाटलं ती पिराचं नाव घेते आहे. ती हिशेब करत होती.

"शिमग्याला," ती म्हणाली. "मंग आखितीच्या सणाला म्या पुरण खाल्लं."

ती ज्ञानोबाकडे वळली.

"राणीच्या हळदीला गाणी म्हणली म्या. तुमी म्हणा म्हणलाव. डोक्याला त्याल घातलं काल हिनं. त्याल घालून घेतलं म्या."

ज्ञानोबा रडायला लागला. "बाय, तुज्या काळजासाठी केलं गं."

"काळीज माझं हाय," ती म्हणाली. मग ओंजळ मिटून ती चार पावलं चालत चाचांपुढे गेली, मलिदा उचलून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ह्याच्यावर पढा. नाव पिराजी." चाचांनी हात उचलले. ते पढत होते तोवर बाय उभी होती. मामांनी गळ्यातला गोफ हातात घट्ट धरला होता.

घरी ती चालतच आली. पडवीत न थांबता आतल्या खोलीत गेली, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "चूल इझवा."

ज्ञानोबाच्या बायकोने चुलीत पाणी ओतलं.

"लेकीच्या लेकराचं सुतक तीन दिस असतंय मला," बाय भिंतीशी बोलत होती. "तीनच. त्याच्यापरीस जास्ती कुणी मागितलं न्हाई. तेवढं बी दिलं न्हाई तुमी."

कुसुम तिच्या मागे जमिनीवर बसली होती. इतके दिवस तिने जे कुणालाच विचारलं नव्हतं ते तिने आईच्या पाठीला विचारलं. "मी दर वर्षी नाडा नेला, बाय. एक वर्ष चुकवलं नाही. त्याला आवडायचं नाही तरी बांधला. मग पिरानं असं का केलं?"

"पिरानं मला कवा सांगितलं व्हतं, ते मरणार न्हाई म्हणून?" बाय म्हणाली. "म्या मागितलं, त्यानं दिलं. सत्तावीस वर्सं दिलं. दुबईला गेलाय म्हणून तर तुमी सांगितलं." मग तिने मान थोडी वळवली. मी दारात उभी होते. "आन तुमी. तुमी तर बघितला म्हणलाव."

तिने मान पुन्हा भिंतीकडे वळवली.

बाहेर सवारी उठली. ती ओढ्यावर नेऊन थंड करतात, म्हणजे पंजे धुऊन वस्त्रात गुंडाळून पुढच्या सालापर्यंत ठेवून देतात. मिरवणूक आमच्या दारावरून जात होती. घराजवळ आल्यावर हलग्या बंद झाल्या आणि फक्त चालणाऱ्यांच्या पायांचा आवाज ऐकू आला. घर ओलांडून बरंच पुढे गेल्यावर पुन्हा वाजल्या.

मग बायका यायला लागल्या. दुबईचं ऊन विचारणारी शेजारीण सगळ्यांत आधी आली. तिने भाकरीचं टोपलं उंबऱ्याशी ठेवलं, बायच्या पाठीला पाठ लावून बसली आणि मोठ्याने रडली. मागून दुसरी आली, तिसरी आली. त्यांना सगळ्यांना शिमग्यापासून माहीत होतं. कुणाच्या घरात हे रडणं झालं नव्हतं. आमच्याकडे, पुण्यात, माणूस गेल्यावर भेटायला जाणारे पंधरा मिनिटं बसतात, 'काळजी घ्या' म्हणतात आणि लिफ्टमध्ये हळू बोलतात. मीही तेच केलं होतं. रुग्णालयाचे कागद मी केले, दाखले मी आणले, जेवणाच्या डब्यांच्या पाळ्या मी लावल्या. विषय काढायचा नाही, हे सोसायटीत मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

बायका थोड्या शांत झाल्यावर बाय भिंतीकडून वळली. "पैल्यापासून सांग," ती कुसुमला म्हणाली. "घरातनं कवा निघाला तिथनं."

कुसुमने सांगितलं. सकाळी त्याने हेल्मेट घेतलं नाही, मग जिन्यातून परत येऊन घेतलं. डब्यात भेंडी होती. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला तो तिने आधी कट केला. रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये त्याचा एक बूट तिच्या हातात दिला, दुसरा सापडला नाही. बाय मधेमधे विचारत होती. शर्ट कंच्या रंगाचा? त्यानं पाणी मागितलं का? तुला वळखलं का? कुसुम एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती, आणि देताना तिचा आवाज तिच्या आईच्या आवाजासारखा होत गेला. मी मार्चमधल्या त्या दिवसांत तिच्या शेजारीच होते. यातलं निम्मं मी पहिल्यांदा ऐकत होते.

परत

माझं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. कुसुम तीन दिवस थांबणार होती. तिचं तिकीट मी रद्द करून दिलं. आभाळ अजून कोरडंच होतं. रिक्षा दारात येऊन उभी राहिली. ज्ञानोबाने माझी बॅग ठेवली आणि माझ्याकडे न बघता पुढे बसला.

मी आत गेले. बाय कोपऱ्यातच होती, केस मोकळे. रात्रीतून तिने ते धुऊन तेल काढून टाकलं होतं. कुसुम तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच इतकी गाढ. बायचा हात तिच्या केसांत होता. मी वाकून बायच्या पायाला हात लावला. तिने पाय मागे घेतला नाही, आणि मला आशीर्वादही दिला नाही.

कुठूनही निघताना माझ्या तोंडात आपोआप 'येते' येतं. ओठांपर्यंत आलं होतं. सुतकाच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत. पुन्हा अशा कारणाने यायला लागू नये म्हणून. मी ओठ मिटले, उंबरा ओलांडला आणि रिक्षात जाऊन बसले.